उजेड आपला, काळोख वाघाचा

बाळा, परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, बोरिवलीला राहायला आलेय, आता रोज नॅशनल पार्कात धावणार." रोजचं पुढे बघू. आठवड्यातून तीनदा गेलीस तरी मी पेढे वाटीन. मी त्या रस्त्यावर बावीस वर्षं धावले, आता भरभर चालते. खाली लिहिलेली जवळजवळ प्रत्येक चूक मी एकदा केलेली आहे, काही दोनदाही. तू तुझ्या नव्या चुका कर, या जुन्या माझ्याकडेच राहू देत.

कागदावर त्याचं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, आणि भोवताली बोरिवली, गोरेगाव, भांडुप, मुलुंड, ठाणे अशी माणसांची दाटी. नावात उद्यान असलं तरी ते जंगल आहे, हे एकदा मनात पक्कं कर. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

१. बुटाची नाडी घरीच बांध, दुहेरी गाठ मार आणि लोंबती टोकं आत खोच — वाटेत नाडी सुटली की माणूस खाली वाकतं, आणि या जंगलात भल्या सकाळी वाकून बसणं बरं नाही. का ते पुढे सांगते.

२. फाटक उघडलं म्हणून आत शिरू नकोस, उजेड फुटला की शीर — जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, पण जानेवारीच्या मध्याला सव्वासात होतात. गजर बारा महिने एकाच वेळेला लावणारी बाई चार महिने अंधारात धावते.

३. आदल्या रात्रीच कपडे, मोजे, पास, पाण्याची बाटली एका ठिकाणी काढून ठेव — सकाळी शोधाशोधीत गेलेली दहा मिनिटं आपण थंड पायांवर पळून भरून काढायला जातो, आणि पोटरी तिथंच धरते.

४. खायचं ते घरी खा, दोन खजूर किंवा अर्धं केळं, आणि हातात खायचं काही घेऊन जाऊ नकोस — माकडांना पिशवीचा आवाज शंभर पावलांवरून कळतो.

५. फाटकापासून पहिलं किलोमीटर चालत जा. तुझ्या वयाला हे पटणार नाही, तरी जा — शिरा-सांधे मनापेक्षा उशिरा जागे होतात.

६. नवे बूट लांबच्या पल्ल्याला पहिल्यांदा घालू नकोस, आधी आठवडाभर भाजी आणायला घाल — मी नवेकोरे बूट घालून थेट कान्हेरी लेणी गाठली होती, आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली. पायाची नखंही आदल्या दिवशी काप. नख वाढलं की पल्ला घटला.

आता वाघाचं. आपल्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि पार्कात बिबटे आहेत. तुझ्या आईला हे सांगितलंस तर ती धावणं बंद करेल. तिला हा भाग मी स्वतः समजावीन. घाबरायचं कारण नाही, पण विसरायचंही नाही. पार्कातल्या पाड्यांवरची वारली मंडळी पिढ्यान् पिढ्या त्याच्या शेजारी राहतात, वाघोबाला पूजतात, वाघबारसेला त्याला नैवेद्य दाखवतात. त्यांचा नियम साधा, त्याच्या वेळेला त्याच्या वाटेत जायचं नाही.

७. उजेड आपला, काळोख वाघाचा — तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत फिरतो, तेव्हा ती वेळ त्याला सोड.

८. रस्त्यात खाली बसू नकोस, वाकून पाय ताणत राहू नकोस — उभं माणूस त्याला माणूस दिसतं, बसलेलं माणूस लहान जनावरासारखं. नाडीचं मी आधी सांगितलं ते यासाठी. थांबायचंच झालं तर मोकळ्या जागी, सोबतीणीला शेजारी उभं करून थांब.

९. दिसलाच तर पळू नकोस. थांब, ताठ उभी राहा, तोंड त्याच्याकडे ठेव, सोबतीच्यांना जवळ घे, मोठ्यानं बोल आणि पावलापावलानं मागे सर — पाठ दाखवून पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभाव आहे.

एका जानेवारीत आम्ही तिघी अंधारात निघालो होतो. वळणावर तो रस्ता ओलांडत होता, अगदी सावकाश, देवळातून निघालेल्या म्हाताऱ्यासारखा. एक मैत्रीण पळायच्या बेतात होती, मी तिचं मनगट धरलं. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि कारवीत शिरला. सगळं मिळून वीसेक सेकंद असतील. त्यानंतर मी उजाडल्याशिवाय फाटक ओलांडलेलं नाही.

१०. त्याचा फोटो काढायला पुढे जाऊ नकोस, आणि दिसल्याची बातमी जागेसकट फोनवर पसरवू नकोस — दुसऱ्या दिवशी तिथं गर्दी जमते, आणि गर्दीत कोंडलेलं जनावरच अंगावर येतं. सांगायचं तर वनरक्षकाला सांग, नाहीतर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर.

११. दोन्ही कान बंद करून धावू नकोस — माकडं आणि भेकरं वाघाची वर्दी तुझ्या डोळ्यांच्या कितीतरी आधी देतात. माकडांचा खोकल्यासारखा आवाज एकदा ओळखायला शीक, मग गाण्यांची आठवणही येणार नाही.

१२. एकटी जाऊ नकोस. एकटीचा वेग, चौघींचा पल्ला — यात वाघाचं भय कमी, मुरगळलेल्या घोट्याचं जास्त. आत फोनची रेंज दगा देते. कुणी नसलंच तर सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांच्या मागेपुढे राहा. ते चेहरा लक्षात ठेवतात, आणि दोन दिवस दिसली नाहीस तर चौकशी करतात.

१३. घरी कुणाला तरी सांगून नीघ, "अमुक वाजता परत" — आणि त्या वेळेला परत ये, म्हणजे पुढच्या वेळी तुझ्या सांगण्याला किंमत राहील.

फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता आहे, साधारण सहा किलोमीटर. सुरुवातीला नदीकाठची सपाटी, मग हळूहळू चढ, आणि शेवटी खरी चढण. जाऊन-येऊन बारा. हाच तुझा रस्ता. मुंबईत एवढ्या सावलीचा दुसरा रस्ता मला माहीत नाही, आणि बावीस वर्षांत तो मला कधी जुना वाटला नाही.

१४. उजव्या कडेनं धाव — कान्हेरीची बस आणि भाड्याच्या सायकली समोरून येताना दिसलेल्या बऱ्या. उतारावर सायकलवाल्या पोरांना ब्रेक उशिरा आठवतो.

१५. शेवटच्या चढणीला पावलं आखूड टाक, दम लागला तर चाल. चालण्यात कमीपणा नाही — जी चढणीला चालते ती उताराला धावते.

१६. उतारावर जपून. चढण दम काढते, उतार हिशेब मागतो — उतरताना मांडीचा स्नायू ताणलेला असतानाच भार झेलतो आणि गुडघ्यावर दर पावलाला धक्का बसतो. लांब ढांगा टाकू नकोस, पाऊल शरीराच्या खालीच पडू दे, गुडघा किंचित वाकलेला ठेव. उतार म्हणजे फुकटचा वेग असं समजून मी एकदा कान्हेरीहून खाली सुसाट आले. मग तीन महिने जिना एकेक पायरी करत उतरत होते.

१७. कान्हेरीला पोचून थेट मागे वळू नकोस, महिन्यातून एकदा तरी लेणी पाहा. त्यांचं तिकीट वेगळं लागतं, तेवढे पैसे खिशात ठेव — इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं लोक त्या काळ्या कातळात खोदत होते, शंभरावर लेणी आहेत. कृष्णगिरीचंच कान्हेरी झालं. लेण्यांशेजारच्या पाण्याच्या पोढी नीट बघ. पावसाचं पाणी चरांतून वळवून कातळात साठवायचं, आणि त्यावर आठ महिने काढायचे. ते पाहिलंस की हातातली बाटली निम्मी भरून निघायची नाहीस.

१८. डांबरी सोडून पायवाटेला वळू नकोस. शिलोंड्यासारख्या आतल्या वाटांवर जायचं असेल तर परवानगी काढ आणि पार्कातल्या वाटाड्याबरोबर जा — राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून हिंडणं हा गुन्हा आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे सगळ्या पायवाटा एकसारख्या दिसतात. मी एकदा "इथूनच तर निघतो रस्ता" म्हणत आत गेले. दोन तासांनी लाकूडफाटा घेऊन चाललेल्या पाड्यावरच्या एका आजींनी मला रस्त्याला आणून सोडलं. रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "घरी पोरं वाट बघत असतील ना?"

१९. तलावांकडे तर अजिबात नाही — तुळशी तलाव १८७९ सालचा, विहार त्याच्याही आधीचा, दोन्हींचं पाणी मुंबई पिते म्हणून तिथं जायला बंदी आहे. आणि पाण्यात मगरी आहेत.

२०. माकडाला काही देऊ नकोस. माकडाला दिलेलं केळं पुढच्याच्या हातून जातं — आज तू प्रेमानं दिलंस, उद्या ते एखाद्या लहान मुलीच्या हातावर ओरखडा काढून घेणार. ओरखडा निघाला, चावलं, तर साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

पावसाळा आला की तुला वाटेल जंगल धुऊन-पुसून फक्त तुझ्यासाठी ठेवलंय. खरंच तसं दिसतं. पण सगळ्यात जास्त माणसं तेव्हाच घसरतात.

२१. कातळ चमकला की पाऊल आखडावं — जुलैत लेण्यांच्या पायऱ्यांवर आणि रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं. तिथं टाचेवर पाऊल टाकू नकोस, पूर्ण तळवा टेकव. बुटाचा तळ झिजून गुळगुळीत झाला असेल तर नवा जोड जूनच्या आधी घे.

२२. वाहत्या पाण्यातून पलीकडे जाऊ नकोस, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी — दहिसर नदी याच डोंगरात उगम पावते. वर सर पडली की खालचं पाणी बघता बघता चढतं, तुझ्या डोक्यावर ऊन असलं तरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या संध्याकाळी शांत दिसणाऱ्या ओढ्यांनी काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गढूळ पाणी असेल आणि तळ दिसत नसेल तर मागे फिर. मागे फिरलेली बाई पुढच्या रविवारी परत येते.

२३. पायाला जखम असेल त्या आठवड्यात चिखलात जाऊ नकोस — लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरतात. पावसात धावून आल्यावर दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत कधीही ताप आला तर "सर्दीचा असेल" म्हणून बसू नकोस, डॉक्टरना चिखलाचं आवर्जून सांग.

२४. पालापाचोळ्यात आणि गवतात पाय घालू नकोस, ओंडका ओलांडताना पलीकडे आधी बघ — घोणस, फुरसं, मण्यार, नाग चौघंही इथले रहिवासी आहेत, आणि बांबूवर हिरवा चापडा बसतो तो पानापासून वेगळा दिसत नाही. चावलं तर कापाकापी, दोरी आवळणं काही करायचं नाही. पाय हलवू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं.

२५. सकाळी पहिली जात असशील तर हात चेहऱ्यासमोर धर — मोठ्या कोळणीनं वाटेवर सोनेरी जाळं विणलेलं असतं. चुकवून जाता आलं तर मोडू नकोस. तिची मेहनत असते ती.

२६. ओल्या मोज्याशी मैत्री नको. पिशवीत कोरडा जोड ठेव आणि फाटकाबाहेर आल्या आल्या बदल — चिखल्या एकदा झाल्या की आश्विनापर्यंत जात नाहीत.

२७. बूट उन्हात वाळवू नकोस, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेव — उन्हानं तळाचा डिंक सुटतो.

उन्हाळ्यात उलटं होतं. हे पानझडी जंगल आहे, फाल्गुनात साग, ऐन उघडे पडतात, आणि ज्या सावलीच्या भरवशावर तू निघतेस ती पायाखाली वाळून पडलेली असते.

२८. मार्च ते मे पल्ला निम्मा कर आणि आठच्या आत पार्काबाहेर पड — मुंबईची हवा दमट, घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही.

२९. निम्मी वाट पुढे, निम्मं पाणी मागे. परतीचं पाणी राखून ठेव — चक्कर नेहमी परतीच्या वाटेवर येते.

३०. तासाभराहून जास्त धावणार असशील तर नुसतं पाणी पिऊ नकोस. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. त्यात लिंबू पिळ — घामावाटे मीठ जातं, आणि नुसतं पाणी पीत राहिलं तर उरलेलंही पातळ होतं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, घाम अचानक थांबला तर त्या दिवशीचं धावणं तिथंच संपलं. सावलीत टेकून बस, इथं आठवा नियम सोड, मान-काखा ओल्या कर, सोबतीणीला मदत आणायला पाठव.

३१. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगांना हात लावू नकोस, मखमली दिसल्या तरी. शेंगांवरची लूस लागलीच तर चोळू नकोस, चिकटपट्टी लावून उपट — चोळलं की ती अंगभर पसरते. गवतातून आलीस तर अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघ.

३२. पाड्यावरच्या बायका रस्त्याच्या कडेला काकडी, करवंदं, जांभळं, बोरं घेऊन बसतात. परत येताना थांबून घे, घासाघीस करू नकोस — त्या तुझ्या आधी उठून, तुझ्याहून जास्त चालून आलेल्या असतात. नाव विचार, तुझं सांग. या जंगलात तुझी ओळख असणं हीच तुझी सगळ्यात मोठी राखण आहे, हे मला पन्नाशीत कळलं. तुला तिशीत सांगतेय.

३३. त्यांच्या घरांचे, पोरांचे फोटो न विचारता काढू नकोस. तुझ्या सोसायटीत कुणी असं केलं तर तुला चालेल का?

३४. प्लास्टिक आत नेऊच नकोस, आणि वाटेत पडलेली एक तरी पिशवी उचलून आण — हरणं खारट वेष्टनं चाटता चाटता गिळतात. आठवड्याच्या तीन म्हटल्या तरी वर्षाच्या दीडशे होतात. बावीस वर्षांचा हिशेब तूच कर.

३५. घड्याळ बघून धाव, पण कधी कधी थांब. जानेवारीत काटेसावर, त्यामागून पळस, चैत्रात कुसुंबाची लालबुंद पालवी. ऐनाच्या खोडाला हात लावून बघ, मगरीच्या पाठीसारखं असतं — थांबणाऱ्याचा पाय जास्त वर्षं टिकतो, हे मी माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या आणि आज घरी बसलेल्या मैत्रिणींकडे बघून सांगते.

आणि कारवी. जिच्या काठ्यांचे पाड्यावर कुड बांधतात ती. सात वर्षं नुसती हिरवी राहते आणि आठव्या वर्षी पावसाळा सरता सरता सगळा उतार एकदम जांभळा होतो. बोरिवलीत ती २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. तिन्ही वेळा मी होते. २००८ ला धावत गेले, २०१६ ला निम्मी वाट धावत, निम्मी चालत, आणि २०२४ ला काठी घेऊन. मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. म्हणूनच तुला वेग वाढव असं कधी सांगत नाही, गुडघे सांभाळ म्हणते. यानंतरचा बहर २०३२ चा.

३६. सोमवारी पार्क पर्यटकांसाठी बंद असतं. तू पण त्या दिवशी विश्रांती घे — जंगल आठवड्यातून एकदा श्वास घेतं, तर तुझ्या पोटऱ्यांनी का घेऊ नये?

येत्या रविवारी उजाडल्यावर मी फाटकाशी उभी असेन, निळी टोपी घालून. बूट जुने घाल, नाडी घरून बांधून ये. तू धाव, मी मागून चालत येते, नदीवरच्या पुलाशी भेटू. थालीपिठं गाडीत ठेवलेली असतील, ती फाटकाबाहेर आल्यावर.